चोवीस खणांचा ओटा

"फोडून टाकू तो ओटा," विश्राम म्हणाला आणि त्याने मांडीवर थाप मारली. "दर वर्साला बुजवा, दर वर्साला फुटतोय. एकदाची कटकट तरी मिटल."

शहाऐंशी सालचा शिमगा नुकताच झाला होता. कोपरीच्या मच्छीमार सोसायटीची बैठक देवळाच्या मंडपात भरली होती. पुरुष सतरंजीवर, बायका बाहेर खांबांना टेकून. विश्राम सोसायटीचा अध्यक्ष. माणूस वाईट नव्हता, पण एकदा बोललेलं वाक्य मागे घ्यायचं म्हटलं की त्याच्या घशात काटा अडकायचा.

ओटा म्हणजे खाडीकाठचा, साठ फूट लांब आणि चाळीस फूट रुंद असा सिमेंटचा चौथरा. बायकांना जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, सुकवायला म्हणून चार वर्षांपूर्वी घातलेला. पहिल्याच वैशाखात तो मधोमध तडकला. पावसाळ्यात तड्यात पाणी शिरलं, थंडीत तडा रुंदावला आणि पुढच्या उन्हाळ्यात त्या तड्याला पोरंबाळं झाली. भेगांमध्ये जवळा अडकून कुजायचा, मुंग्या लागायच्या, वास सुटायचा. शेवटी बायका पुन्हा रेतीवर कापडं टाकून जवळा पसरू लागल्या आणि बाजारात गिऱ्हाइकांच्या शिव्या खाऊ लागल्या. डोंबिवलीच्या एका बाईंनी तर अख्खी पुडी परत आणून आवडाबाईच्या टोपलीत उपडी केली होती. "जवळा विकता की वाळू? माझ्या सासऱ्यांची कवळी गेली असती!"

"फोडल्यावं जागेचा काय करशील?" सतरंजीवरून कोणीतरी विचारलं.

"रेतीवाल्याला देऊ. तो ढीग टाकील, त्याच्या गाऱ्या येतील-जातील. सोसायटीला म्हयन्याला भाडा सुरू."

"आन् आमी जवला कुठं सुकवू? तुज्या टकलावं?" खांबामागून गंगुबाईचा आवाज आला. गंगुबाई सत्तरीची. तिला कोणी गप्प बसवत नसे, कारण ती बसत नसे.

मंडप हसला. विश्रामने नकळत डोक्यावरून हात फिरवला.

त्या हसण्यातच आवडाबाई पुढे झाली. पंचेचाळिशीची, काटक, पायांचे तळवे चपलेशिवाय चालून चालून चामड्यासारखे झालेले. विश्राम तिचा चुलत दीर. तिने पदर खोचला, पण आवाज चढवला नाही.

"भावजी, एक वर्स द्या."

"कशाला?"

"ओटा आमी नव्यानं घालताव. पुढच्या शिमग्यापरत थांबा. ऊन, पाऊस, थंडी, सगला त्याच्यावरून जाऊ द्या. एक जरी तडा दिसला, तर मी सोता घन आनून फोडीन. नाय दिसला, तर ओटा बायकांचा. परत ईषय काढाचा नाय."

"तू घालनार ओटा?"

"मंग आठ वर्सं वागले इस्टेटीत मी काय करताव? भजन?"

ह्या वेळी मंडप विश्रामला नाही, विश्रामसकट हसला. आणि हसताना तो "बरा, एक वर्स," असं म्हणून गेला. म्हणून गेला म्हणजे संपलंच. आता ते वाक्य त्यालाही मागे घेता येणार नव्हतं.

आवडाबाई वागळे इस्टेटीत, ठाण्याच्या कारखान्यांच्या वसाहतीत, कशी पोचली, त्याची गोष्ट लांबलचक नाही. खाडीतली मासळी कमी होत गेली. नवरा भिवाजी होडी घेऊन जायचा आणि जेमतेम पाटीभर बोयटं, हलकी मासळी, घेऊन यायचा, कधी तेवढीही नाही. घरात बसून पाटीकडे बघत राहणं तिच्या स्वभावात नव्हतं. शेजारची एक बाई बांधकामावर जायची, तिच्यामागून ती गेली आणि बिगारी झाली. खडी वाहायची, वाळू चाळायची, माल कालवायचा. कारखान्यांच्या जमिनी घालायचं काम तिच्या वाट्याला जास्त आलं. मोठमोठ्या शेड, त्यात यंत्रं बसणार, म्हणून जमीन चोख हवी. घमेलं रिकामं करून परत फिरायच्या आत ती दोन श्वास थांबून बघायची. मिस्त्री पट्टी कशी ओढतो, थापी कुठल्या कोनात धरतो, कुठल्या घटकेला घोटायला घेतो. थापी बाईच्या हातात कोणी देत नाही. पण बघायला कोण अडवतो?

बैठकीहून घरी आल्यावर भिवाजी जाळ्याची फाटकी बाजू शिवत बसला. मग म्हणाला, "आवडे."

"ओ."

"घन घरात हाय का बघून ठेव. वर्सानं लागल."

"तुमीच उचला मंग. मना नाय पेलायचा."

"मी कशाला? बोललीस तू."

"बायको कोनाची बोलली?"

भिवाजीने दोरा दाताने तोडला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आवडाबाई सरोजकडे गेली. सरोज डोंबिवलीची, चोवीस वर्षांची, डिप्लोमा करून साइटवर सुपरवायझर म्हणून लागलेली. पुरुषांनी भरलेल्या त्या साइटवर ती पहिले सहा महिने डबा एकटीच खायची. मग एकदा आवडाबाईने तिच्या डब्यात न विचारता सुकटीची चटणी टाकली, आणि तेव्हापासून दोघी एकत्र जेवायच्या.

"बाय, मना एक सांग. हितल्या जमिनी आपुन बुद्धिबलाच्या पाटासारख्या का घालताव? एक खन भराचा, एक सोडाचा. सगली एकदम का नाय?"

सरोजने भाकरीचा तुकडा हातातच ठेवला. "मावशी, काँक्रीट उन्हात फुगतं आणि थंडीत आकसतं. अख्खी जमीन एकसंध घातली की त्याला हलायला जागाच राहत नाही. मग ते स्वतःच स्वतःला फाडून जागा करून घेतं. तोच तडा. म्हणून आपण आधीच तुकडे करतो आणि मध्ये फट ठेवतो."

आवडाबाई ऐकत राहिली. मग हसायला लागली.

"काय झालं?"

"अगं, होडी! होडी काय एका फलीची करतात? फल्या पाण्यात फुगतात, उन्हात सुकतात. म्हनून तर फलीफलीत फट ठेवाची, त्याच्यात कापूस ठासाचा, वरनं राल नि तेल. दर पावसाच्या आधी परत. आमचा घोव जन्मभर तेच करतोय."

सरोज तिच्याकडे बघतच राहिली. "मावशी, हे समजवायला आमच्या सरांनी दोन तास घेतले होते. आणि अर्धा वर्ग झोपला होता."

डब्याच्या झाकणावर बोटाने पाणी ओढून दोघींनी ओटा आखला. दहा-दहा फुटांचे खण, लांबीला सहा, रुंदीला चार. चोवीस. खाडीच्या बाजूला थोडासा उतार. "आणि पाणी मात्र कमी पडू देऊ नका," सरोज म्हणाली. "दहा-बारा दिवस ओटा ओलाच राहायला हवा. नवीन काँक्रीट लवकर सुकलं की वरून भुसभुशीत होतं."

"बालंतिनीसारखा जपीन," आवडाबाई म्हणाली.

सोसायटीच्या गोदामात दर वर्षीच्या डागडुजीसाठी सिमेंट यायचं, ते ह्या वर्षी डागडुजीत गेलं नाही. जुना ओटा बायकांनी फोडला आणि त्याचेच तुकडे खाली भर म्हणून घातले. उधाणाची भरती कुठवर चढते ते आवडाबाईला डोळे मिटून ठाऊक होतं. त्याच्यावर वीतभर उंच पाया घेतला. वागळे इस्टेटीतला धोंडीबा मिस्त्री रविवारी आला. साताऱ्याकडचा, डोक्याला मुंडासं, तोंडात तंबाखू. त्याने पहिल्या खणात पट्टी ओढून माल सपाट केला, तासभर थांबला, मग थापी काढली, आणि ती आवडाबाईपुढे धरली.

"घ्या."

"मी?"

"आट वरसं माझ्या पाठीत डोळं खुपसून हुबं ऱ्हाताय. मला काय कळत न्हाय व्हय? घोटा आता."

सगळ्या बायका थांबल्या. आवडाबाई लाकडी फळीवर गुडघे टेकून बसली. पहिला हात जड पडला, माल ओरखडला. दुसरा हलका पडला. तिसऱ्या हाताला सिमेंटवर पाणी चमकलं आणि गुळगुळीत चकाकी मागे राहिली. धोंडीबा तंबाखू थुंकायला बाजूला गेला, आणि परत आल्यावर दुसरी थापी काढून पुढच्या खणात बसला. त्याच्याकडून एवढं म्हणजे सत्कारच होता.

एकाआड एक असे बारा खण झाले. मधल्या जागी तेल लावलेल्या लाकडी पट्ट्या. पुढच्या दोन रविवारी उरलेले. प्रत्येक खणाच्या कडेने मातीचे बोटभर बांध घालायचे आणि आत पाणी कोंडून ठेवायचं. सकाळी नळाला पाणी आलं की बायका हंडे घेऊन धावायच्या. वीस खण असे पार पडले.

घोळ झाला तो शेवटच्या चार खणांचा, अगदी खाडीकडच्या. ते रविवारी घातले आणि सोमवारी नळाला पाणीच आलं नाही. मंगळवारीही नाही. चैत्राचं ऊन टाळू भाजत होतं, वारा सुटला होता, आणि ओले खण डोळ्यांदेखत पांढुरके व्हायला लागले. आवडाबाईचा जीव थाऱ्यावर राहिना. आणि समोर, दहा पावलांवर, भरतीची खाडी तुडुंब.

तिने विचार केला नाही, कारण विचार करण्यासारखं त्यात काही आहे हेच तिच्या मनात आलं नाही. त्या पाण्यात तिची जाळी धुतली जात होती, होडी धुतली जात होती, पाट्या, मासळी, पोरांचे पाय. पाणी म्हणजे तिच्या लेखी तेच. बाकी नळाचं, ते प्यायचं. तिने हंडा बुडवला आणि चारही खण काठोकाठ भरले. तीन दिवस, भरतीच्या वेळा साधून, कामावर जायच्या आधी आणि आल्यावर.

शुक्रवारी चारही खणांवर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसलं. तिने हाताने पुसलं, जिभेला लावलं. मीठ. पुसलं की जायचं, ऊन चढलं की पुन्हा फुलायचं. तिने नखाने खरवडून पाहिलं. वरचा थर पापुद्र्यासारखा उचलला गेला आणि खाली राखाडी पूड.

साइटवर तिने सरोजला सांगितलं तेव्हा सरोजने डोक्यावरचं हेल्मेट काढून मांडीवर घेतलं.

"मावशी, खाडीचं पाणी? मीठ आत शिरतं ना. उन्हात सुकलं की ते फुगतं आणि वरचं सगळं उचकटून काढतं."

"तू बोलली, पानी कमी पडू देऊ नको."

"हो." सरोजचा चेहरा पडला. "कुठलं ते मी सांगितलंच नाही. आमच्याकडे पाणी म्हणजे नळाचं. दुसरं पाणी असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

मग आवडाबाईनेच विचारलं, "औषध काय?"

"ह्या चार खणांना? नाही."

संध्याकाळी गंगुबाईने तिला ओट्यावर गाठलं. इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. तिचा खालचा आवाज नाक्यापर्यंत जायचा. "आवडे, घट्ट सिमेंट कालव नि वरनं फासून टाक. कोनाच्या बापाला नाय कलायचा. शिमग्यापरत तग धरल."

"आन् शिमग्याच्या नंतर?"

"नंतर ओटा आपला झाला. मंग फुटू दे."

"गंगूआय, मना ओटा जिंकाचा नाय. मना त्याच्यावं जवला सुकवाचा हाय."

गंगुबाईने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुजी सासू पन अशीच होती," ती म्हणाली. ते कौतुक होतं की तक्रार, हे तिने सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाडीवर घणाचा आवाज घुमू लागला. विश्राम दात घासता घासता ब्रश तोंडात धरूनच धावत आला.

"काय झाला? फुटला?"

"नाय फुटला. मी फोडताव." आवडाबाईने घण खाली टेकवला. "खाडीचा पानी मारला मी. चूक झाली. मीठ फुलला."

विश्रामने तोंडातला फेस थुंकला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद यायला हवा होता. तो आला नाही. नुसताच गोंधळ आला. "म्हंजे... संपला?"

"चार खन संपले. वीस हायेत."

"पन तू बोललेलीस, एक जरी तडा..."

"तडा कुठं हाय? दाखवा."

विश्राम वाकून वीस खण हिंडला. तडा नव्हता. मधल्या फटींमुळे चार खणांचं दुखणं चार खणांतच राहिलं होतं. होडीची एखादी फळी कुजली तर फळी बदलतात, होडी जाळत नाहीत, हे विश्रामला कोणी सांगायची गरज नव्हती. तो होडीवरच वाढला होता. "मना सांगितलास कशाला पन?" तो एवढंच पुटपुटला.

"तुमी इचारलात म्हनून."

चार खण पुन्हा घातले. ह्या वेळी कोपरीतल्या सत्तावीस घरांनी सकाळी आपापल्या पाण्यातला एक-एक हंडा ओट्यावर आणला. बारा दिवस. ज्या घरात त्या दिवशी पाणी कमी, त्या घराने अर्धा.

वैशाख संपत आला तशा होड्या किनाऱ्यावर ओढल्या गेल्या. भिवाजी आपल्या होडीच्या फटीतला जुना कापूस उकरून नवा ठासत होता. आवडाबाई ओट्यावरच्या लाकडी पट्ट्या काढून फटीत तेच करू पाहत होती. भिवाजी दुरून बघत होता. एकदा बघितलं, दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा त्याला राहवलं नाही.

"आवडे, काय गोधडी भरतेस काय? असा ठासतात?"

"कसा ठासतात मंग?"

"सरक."

तो हत्यारं घेऊन ओट्यावर बसला तो चार दिवस उठला नाही. कापसाची वात वळायची, फटीत घालायची, बोथट छिन्नीने ठोकत न्यायची, आणि वर वितळलेलं डांबर अगदी कडेपर्यंत, पण कडेबाहेर नाही. ह्या कामात त्याच्यासारखा हात कोपरीत दुसरा नव्हता, आणि गेली काही वर्षं हे कोणी त्याला बोलून दाखवलं नव्हतं. आता येणारा-जाणारा थांबून बघत होता. त्याची स्वतःची होडी चार दिवस तशीच पडून होती.

मग सरोजच्या सांगण्यावरून जवसाचं तेल आलं. रविवारी सरोज स्वतः डोंबिवलीहून आली, साडीचा पदर कमरेला बांधून फडकं हातात घेतलं. कोरड्या ठणठणीत, तापलेल्या ओट्यावर तेल पातळ पुसायचं, मुरू द्यायचं, जास्तीचं टिपून घ्यायचं. आठवड्याने दुसरा हात.

"ओटा हाय की नवरी?" गंगुबाई म्हणाली. "माज्या लग्नात मना एवढी हलद नव्हती लागली."

पावसाचे चार महिने ओट्यावर कोणी काही पसरत नाही. पण आवडाबाई रोज संध्याकाळी तिथे एक फेरी मारायची. उधाणाचं पाणी उडालं असेल तर पावसाच्याच पाण्याने झाडूने ओटा धुवायचा, शेवाळ धरलं तर काथ्याने घासायचं. तेल मुरलेल्या सिमेंटवर पाणी मोत्यासारखं घरंगळत खाडीकडे जायचं. दसऱ्यानंतरच्या उन्हाने पाय भाजले, तेव्हाही ओटा शाबूत होता. पहिला जवळा पडला. रेतीचा कण नाही. विश्राम रोज यायचा, वाकून बघायचा, जायचा. रेतीवाला त्याला बाजारात गाठून विचारायचा, "अध्यक्ष, आपल्या जागेचं काय?" आणि विश्राम म्हणायचा, "अजून थंडी जायची हाय."

आणि थंडीतच ते झालं.

पौषातली सकाळ. खाडीवर धुकं, गारठा असा की गंगुबाईदेखील बोलायची कमी झाली होती. आवडाबाई आठच्या आधीच कामावर गेली होती. विश्राम ओट्यावर वाकला आणि तसाच थिजला. डांबर आणि सिमेंट यांच्यामधे एक काळी रेघ उघडली होती. एकाच जागी नव्हे. जिथे जिथे सांधा, तिथे तिथे. दोरा जाईल एवढी फट.

"फुटला!" विश्राम ओरडला. "या रं, बघा! सगलीकरं फुटलाय!"

माणसं जमली. विश्रामने खिशातून बसचं तिकीट काढलं, दुमडलं आणि सगळ्यांसमोर फटीत घातलं. तिकीट अर्ध्यापर्यंत आत गेलं. "हा काय हाय? तडा नाय तर काय हाय?"

भिवाजीला राग आला होता, पण त्याहून जास्त भीती वाटत होती. त्याने सदरा चढवला आणि बस पकडून वागळे इस्टेट गाठलं. आठ वर्षांत तो पहिल्यांदा बायकोच्या कामावर येत होता. "आवडे, चल," तो फाटकातूनच म्हणाला. "त्यानं तिकीट घातलाय."

"कसला तिकीट?"

"फटीत. अर्धा गेला."

सरोज तिथेच उभी होती. तिने विचारलं, "काका, फट खणाच्या मधे पडलीय, की कडेला?"

"कडंला. सांध्यावंच."

सरोजचा जीव भांड्यात पडला. तिने घड्याळात बघितलं, मग आभाळाकडे. "मावशी, जा तुम्ही. पण घाई करू नका. चहा प्या, जेवा, मग जा. एक वाजेपर्यंत पोचा. तोवर काही बोलू नका."

"एक वाजता काय होनार हाय?"

"ऊन."

आवडाबाईला समजायला क्षणभर लागला, आणि समजलं तेव्हा तिने भिवाजीला टपरीवर नेऊन दोन चहा पाजले.

दोघं ओट्यावर आली तेव्हा अख्खी समिती हजर होती. विश्राम उन्हात घामाघूम होऊन उभा होता, जागा सोडून सावलीत जायला तयार नव्हता. बायका दुसऱ्या कडेला.

"आलीस?" तो म्हणाला. "मना पन बरा वाटत नाय, वयनी. पन बोलनं झालेला. ह्यो बघ तडा."

"कुठं?"

"ह्यो काय..."

विश्राम वाकला. मग गुडघ्यावर बसला. मग हात जमिनीला टेकून नाक ओट्याला लावलं. काळी रेघ नव्हती. डांबर सिमेंटला चिकटून घट्ट बसलं होतं, आणि त्यातून बसचं अर्धं तिकीट झेंड्यासारखं उभं होतं.

"तिकीट काढा की," आवडाबाई म्हणाली.

विश्रामने ओढलं. येईना. त्याने दोन बोटांत धरून जोर लावला. तिकीट फाटलं. अर्धं त्याच्या हातात, अर्धं ओट्यात.

मग गंगुबाई म्हणाली, "आता कंडक्टर आला तर काय दाखवशील?"

हसण्याचा असा कल्लोळ उठला की खारफुटीतले बगळे उडाले. विश्राम आधी लाल झाला, मग त्यालाही हसू आवरेना. हसता हसता तो ओट्यावर बसलाच. हाताने त्या सांध्यावरून दोनदा-तीनदा चाचपलं.

"सकालला उघडला, आता मिटला," तो म्हणाला. "हलतोय ह्यो."

"हलाया पायजे," भिवाजी म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडे वळून बघितलं, कारण भिवाजी बैठकीत कधी बोलायचा नाही. "होडी पन हलते. हलत नाय ती फुटते. फट आमी ठेवलेली हाय, आपोआप नाय पडली. खनाच्या मदी तडा हाय का, तेवढा सांग."

विश्रामने चोवीस खण पुन्हा पाहिले. ह्या वेळी एकटा नाही. समितीचा प्रत्येक जण एकेक रांग धरून चालला. खणाच्या मधे केसाएवढीही रेघ नव्हती.

"शिमग्याला अजून दोन म्हयने हायत," विश्राम उठत म्हणाला. पण ते तो सवयीने म्हणाला. रेतीवाल्याला दुसरी जागा बघ म्हणून त्याने त्याच आठवड्यात कळवलं, हे बायकांना नंतर समजलं.

सत्त्याऐंशीचा शिमगा झाला. बैठक ह्या खेपेला देवळात नाही, ओट्यावरच भरली, आणि त्यामुळे कोण आत बसणार आणि कोण बाहेर, हा प्रश्नच आला नाही. विश्राम उभा राहिला. घशात काटा नव्हता, कारण मागे घ्यायचं वाक्य नव्हतंच. होतं ते फक्त पूर्ण करायचं होतं.

"ओटा बायकांचा," तो म्हणाला. "परत ईषय नाय. दर वर्साला पावसाच्या आधी फटी भराच्या नि तेल द्याचा, ते..."

"ते आमी करू," आवडाबाई म्हणाली.

"फटी मी," भिवाजी म्हणाला.

इथे खरं तर टाळ्या व्हायला हव्या होत्या. पण खण चोवीस आणि घरं सत्तावीस, हे तेवढ्यात कोणाच्या तरी लक्षात आलं.

"खाडीकडला खन माजा. मी पह्यला हंडा आनलेला!"

"तू? तू अर्धा आनलेलास!"

"नलाला पानीच नव्हता तवा!"

"सावलीतला खन मना नको, सांगून ठेवताव."

"आवडे, तू बोल. तुना कुठला?"

आवडाबाईला खाडीकडच्या, दोनदा घातलेल्या चारांपैकी एक हवा होता, आणि ती तसं सांगणारच होती. पण भरती लागली होती. पहिली होडी काठाला घासली, मागून दुसरी, आणि पाट्यांमधला जवळा उन्हात गुलाबी चमकला. ताजा जवळा भांडण संपायची वाट बघत नाही. गंगुबाईने पदर खोचला, पहिली पाटी ओढली आणि जो खण समोर आला त्यावर उपडी केली. तिच्यामागून दुसरीने, तिसरीने. आवडाबाई गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी जवळा पातळ पसरत, सांध्यावरून पलीकडच्या खणात सरकली. पलीकडच्या खणातली बाई पसरत तिच्याकडे येत होती.

"तुजा कुठला नि माजा कुठला, काय कलत नाय बग," ती बाई म्हणाली.

"सांजला झाडू मारताना बघू," आवडाबाई म्हणाली. "आधी पसर. ऊन चाललाय."